हटून बसलेला बोल्ट

दिवाळीची सुट्टी संपून शाळा सुरू झाली त्याच आठवड्यातली गोष्ट. जत्रांमध्ये फुग्यांची फळी लावणारे एक गृहस्थ गोणपाटात गुंडाळलेली छऱ्याची बंदूक घेऊन आमच्याकडे आले. कोकणात कार्तिकापासून गावोगावच्या जत्रा सुरू होतात. यांची पहिली जत्रा बारा दिवसांवर आली होती. "गुरुजी, हिची नळी हलते. गिऱ्हाईक नेम धरतं मधल्या फुग्यावर आणि छर्रा जातो भलतीकडे. पोरं पैसे परत मागतात." तालुक्याच्या गावी त्यांनी बंदूक दाखवली होती, पण बोल्ट सुटत नाही म्हणून ती तशीच परत मिळाली होती. शाळेत कार्यानुभवाची खोली आहे, व्हाइस आहे, हत्यारे आहेत, एवढ्या भरवशावर ते आमच्याकडे आले होते.

आम्ही दोघे. एक विज्ञान शिकवतो, दुसरा कार्यानुभव. एक बोल्ट तर काढायचा, त्यात काय मोठेसे, असे दोघांनाही वाटले. प्रत्यक्षात त्या बोल्टाने आम्हाला पाच दिवस झुलवले.

आधी ही बंदूक चालते कशी ते पाहू. हिच्यात दारू नसते. दस्त्याच्या पुढे एक पोलादी सिलिंडर असतो, त्यात दट्ट्या आणि दट्ट्यामागे जाड स्प्रिंग. नळी बिजागरीवर खाली मोडली की तिला जोडलेला दांडा दट्ट्याला मागे ढकलतो, स्प्रिंग दाबली जाते आणि दट्ट्या खटक्यात अडकतो. नळीच्या मागच्या तोंडात छर्रा बसवायचा, नळी सरळ करायची आणि खटका ओढायचा. स्प्रिंग सुटते, दट्ट्या पुढे झेपावतो, सिलिंडरमधली हवा दाबली जाते आणि बारीक भोकातून नळीत शिरून छऱ्याला ढकलते. म्हणजे नळी ज्या बिजागरीवर मोडते तो बोल्ट हा साऱ्या यंत्राचा सांधा. दोन्ही बाजूंना पोलादाची दोन बोटे, मध्ये नळीचा ठोकळा आणि तिन्हींतून आरपार गेलेला बोल्ट. ठोकळ्याच्या दोन्ही बाजूंना पातळ वायसर असतात. ते झिजले की नळी आडवी डुलू लागते. आमच्या बंदुकीत नळीचे टोक जेमतेम दोन मिलिमीटर हलत होते. पण बिजागरीपासून टोकापर्यंतचे अंतर ४५ सेंटीमीटर आणि फळी चार मीटरांवर, म्हणजे फळीपाशी हीच चूक जवळजवळ १८ मिलिमीटर होते. वायसर बदलायचे तर बोल्ट काढायलाच हवा.

आता सावधगिरीचे दोन शब्द, आणि ते शिक्षकांसाठी आहेत. हे काम आम्ही शाळा सुटल्यावर, मुले घरी गेल्यावर केले. बंदुकीत छर्रा नाही आणि स्प्रिंग दाबलेली नाही याची खात्री दोघांनी वेगवेगळी करून घेतली. स्प्रिंग दाबलेल्या अवस्थेत बिजागरीचा बोल्ट काढला तर दांड्यात बोटे चेचली जाण्याची भीती असते. दुसरा धोका अधिक छुपा आहे. सिलिंडरच्या मागच्या टोकाला खटक्याचा ठोकळा धरून ठेवणारा बोल्ट होता. तो दिसायला साधा आणि थोडा सैलच होता. आमच्यापैकी एकाने सुचवलेही, की आधी हा सुटतोय तर हाच काढू. सुदैवाने दुसऱ्याने हात धरला. या बंदुकांतली स्प्रिंग न ओढलेल्या अवस्थेतही थोडी दाबूनच बसवलेली असते. समजा ती ४ सेंटीमीटर दाबलेली आहे आणि तिला एक मिलिमीटर दाबायला ६ न्यूटन बल लागते, तर ती त्या बोल्टावर २४० न्यूटन, म्हणजे जवळपास २४ किलो वजनाइतका रेटा सतत देत असते. बोल्ट निघाला की ठोकळा आणि स्प्रिंग दोन्ही सरळ तोंडावर. तेव्हा कुठलाही बोल्ट सोडवण्यापूर्वी तो काय धरून बसला आहे ते पाहिलेच पाहिजे.

पहिल्या दिवशी आम्ही जे केले ते सांगायला संकोच वाटतो. दस्ता उतरवला, सिलिंडर लाकडी फळ्यांमध्ये धरून व्हाइसमध्ये आवळला, मोठा स्क्रूड्रायव्हर बोल्टाच्या खाचेत लावला, त्याच्या दांडीला पाना अडकवला आणि जोर केला. बोल्ट हलला नाही. आणखी जोर केला तेव्हा स्क्रूड्रायव्हर उडाला आणि खाचेची एक कड मोडली. मग नळीवर टॉर्च धरून नीट पाहिले. बोल्टाच्या डोक्याच्या कडेला, काळ्या मळाखाली, हरभऱ्याच्या डाळीएवढा एक बारीक स्क्रू होता. त्याचे डोके बोल्टाच्या कडेतल्या खाचेत बसून बोल्टाला फिरूच देत नव्हते. नळी रोज शेकडो वेळा मोडली तरी बोल्ट आपोआप सैल होऊ नये म्हणून बनवणाऱ्याने केलेली ही सोय. आम्ही गंजाशी नव्हे तर कुलपाशी झटत होतो! सुईने मळ कोरून तो बारीक स्क्रू काढला. पुन्हा बोल्ट फिरवून पाहिला. आता मात्र तो खरोखरच जाम होता.

त्या संध्याकाळी घरी आम्ही एक हिशेब केला, आणि तो आधी करायला हवा होता. हा बोल्ट डोक्याखाली जाड असला तरी आट्यांचा भाग ६ मिलिमीटरचा होता. आट्यांच्या तळाशी त्याचा व्यास सुमारे ४.८ मिलिमीटर उरतो. दांडी पिळताना तुटायला किती जोर लागेल हे व्यासाच्या घनावर अवलंबून असते. व्यास निम्मा झाला की ताकद आठवा हिस्सा. साध्या पोलादाला कातरून तोडायला दर चौरस मिलिमीटरला सुमारे ३०० न्यूटन लागतात असे धरले, तर या बोल्टाला पिळून तोडणारे आघूर्ण साडेसहा ते नऊ न्यूटन-मीटर येते. पाना २० सेंटीमीटर लांबीचा असेल तर त्याच्या टोकाला ३३ ते ४५ न्यूटन पुरे. म्हणजे साडेतीन ते साडेचार किलोचे वजन उचलायला लागतो तेवढा जोर! अर्धी बादली पाणी आपण याहून जास्त जोराने उचलतो. आणि आपण काय करतो? बोल्ट सुटेना की पान्याला पाइप लावतो. पाइपने तरफेची भुजा वाढते, तसतसे हाताला तुटण्याची जाणीवही कमी होते. जाम बोल्ट आपल्या ताकदीला दाद देत नाही असे वाटते, पण खरे तर आपली ताकद त्याला झेपणारीच नसते. पहिल्या दिवशी फक्त खाचेवर भागले, हे आमचे नशीब.

तुटला असता तर? मग मध्यभागी पंच मारून, उलट्या दिशेने कापणाऱ्या ड्रिलने भोक पाडत बसावे लागले असते. घड्याळजींकडे अशा वेळी एक सुंदर युक्ती असते. पितळी पट्टीत पोलादी स्क्रू तुटला की ते पट्टी तुरटीच्या कोमट द्रावणात ठेवतात. तुरटीचे आम्लधर्मी द्रावण पोलाद हळूहळू विरघळवते आणि पितळ तसेच राहते. आमचा बोल्ट पोलादी आणि बोटेही पोलादी, त्यामुळे तुरटी दोघांनाही खाल्ल्याशिवाय राहिली नसती.

आता मूळ प्रश्न. गंज बोल्टाला धरतो कसा? विद्यार्थी सांगतात, "गंज चिकटतो." ते अर्धेच उत्तर झाले. उरलेले अर्धे वहीतल्या गणिताने मिळते. लोखंडाचा अणुभार ५६ आणि घनता दर घन सेंटीमीटरला ७.८७ ग्रॅम. म्हणजे ५६ ग्रॅम लोखंड ७.१ घन सेंटीमीटर जागा घेते. हेच लोखंड ऑक्सिजन आणि पाणी घेऊन हायड्रॉक्साइड प्रकारचा पिवळसर तपकिरी गंज झाले, तर त्याचे वस्तुमान ८९ ग्रॅम होते आणि घनता ४.२६ च्या आसपास उतरते. भागाकार करा. उत्तर येते सुमारे २१ घन सेंटीमीटर. जवळजवळ तिप्पट! तांबडा ऑक्साइड झाला तरी दुपटीहून थोडे अधिक. स्लॅबमधल्या सळ्या गंजल्या की काँक्रीट फुटून खाली पडते ते याच फुगण्यामुळे. किनाऱ्यालगतच्या इमारतींत हे दृश्य नवे नाही.

बोल्टाच्या आट्यांत मात्र फुगायला जागाच नसते. समजा दोन्ही पृष्ठभागांमध्ये ०.१ मिलिमीटरची फट आहे. दोन्ही बाजूंचे लोखंड २५ मायक्रॉन, म्हणजे केसाच्या जाडीच्या तिसऱ्या हिश्श्याइतके गंजले तर काय होईल? फट रुंदावून १५० मायक्रॉन होईल, आणि दोन बाजूंचा मिळून गंजही तिप्पट होऊन नेमका १५० मायक्रॉन होईल. फट गच्च भरली. त्यापुढचा प्रत्येक कण पाचरीसारखा दाब देऊ लागतो. ही बंदूक चार महिने पावसाळाभर माळ्यावर गोणपाटात गुंडाळून ठेवली होती. तागाचे गोणपाट हवेतला ओलावा शोषून धरते आणि इथल्या हवेत मीठही असते. बंदूक सुरक्षित राहावी म्हणून ज्यात गुंडाळली त्यानेच तिला गंजवले.

पण याच गंजाची एक कमजोर बाजू आहे. पोलाद वाकते, ताणले जाते. गंज मात्र खापरासारखा ठिसूळ, त्याला तडा जातो. एकदा तडा गेला की पातळ तेलाला आत शिरायला वाट मिळते. पुढचे चार दिवस आम्ही जे केले ते एवढ्याच तत्त्वावर.

शेजारच्या गॅरेजातून वाटीभर डिझेल आणले. बाजारात यासाठी फवाऱ्याचे डबे मिळतात. त्यांतल्या सर्वांत प्रसिद्ध डब्ल्यूडी-४० ची कथा सांगण्यासारखी आहे. १९५३ साली अमेरिकेत सॅन डिएगो येथील रॉकेट केमिकल कंपनीने ते क्षेपणास्त्रांचे पत्रे गंजू नयेत म्हणून बनवले. नावाचा अर्थ पाणी हटवणारा चाळिसावा प्रयोग. आम्हाला डिझेल पुरले. इंजिन ऑइल का नको, असा प्रश्न दुसऱ्या दिवशी दहावीतल्या एका मुलीने विचारला, आणि त्यावरून वर्गात चांगली चर्चा झाली.

बारीक फटीत द्रव शिरतो तो केशाकर्षणाने. "पृष्ठताण कमी म्हणून तेल आत शिरते" असे आपण सर्रास सांगतो, आम्हीही सांगत आलो. पण केशिकेत द्रवाला ओढणारे बल पृष्ठताणामुळेच निर्माण होते. पृष्ठताण कमी झाला तर ओढ कमीच होईल. कमी पृष्ठताणाचा फायदा एवढाच, की तेल धातूला पूर्णपणे भिजवते, त्यावर थेंब होऊन बसत नाही. खरा फरक पडतो तो विष्यंदितेने, म्हणजे द्रवाच्या दाटपणाने. जाड इंजिन ऑइल डिझेलच्या पन्नासपटीहून अधिक दाट असते, म्हणून तेवढेच अंतर कापायला त्याला तेवढ्या पटीने वेळ लागतो. शिवाय आडव्या केशिकेत वेळ अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. पहिला मिलिमीटर जायला पाच मिनिटे लागली असतील तर पाच मिलिमीटरला पाच नव्हे, पंचवीसपट वेळ लागेल, म्हणजे दोन तासांहून जास्त. दहा मिलिमीटरला आठ तासांवर. म्हणून तेल सोडून रात्रभर थांबायचे.

हे वर्गात सहज दाखवता येते. टीपकागदाची दोन सेंटीमीटर रुंद पट्टी काचेवर आडवी ठेवा, एक टोक वाकवून रंगीत पाण्यात बुडवा आणि ओल कुठवर आली त्याच्या खुणा दर मिनिटाला पेन्सिलीने करा. खुणा जवळजवळ येत जातात. अंतराचा वर्ग आणि वेळ यांचा आलेख काढला तर तो बऱ्यापैकी सरळ येतो. आमच्या नववीच्या वर्गात पंधरा मिनिटांत झाला.

तेल कुठून सोडायचे हेही महत्त्वाचे. खाचेच्या बाजूने सोडले तर त्याला बोल्टाची सगळी लांबी पार करावी लागते. आटे असतात पलीकडच्या बोटात. म्हणून बंदूक कुशीवर वळवून आट्यांची बाजू वर घेतली, आणि नळीचे टोक किंचित खाली ठेवले. या दुसऱ्या काळजीचे कारण पुढे येईल.

दुसऱ्या दिवशी सकाळ-संध्याकाळ दोन-दोन थेंब. तिसऱ्या दिवशी उष्णता. गॅरेजवाल्याने ब्लो-टॉर्च देऊ केली होती, ती आम्ही नाकारली. एक तर तिथे डिझेल होते. दुसरे, पोलाद सव्वादोनशे अंशांच्या आसपास पिवळसर आणि तीनशेच्या आसपास निळे पडते. तोवर त्याला दिलेले पाणी उतरू लागते. सिलिंडरमध्ये दट्ट्याला चामड्याचा वायसर होता, तो तर त्याआधीच करपला असता. आम्ही उकळत्या पाण्यात भिजवलेले फडके चिमट्याने धरून बोटांवर गुंडाळले, पाणी आत जाऊ नये म्हणून आधी पिळून घेतले. लगेच काढायचे, पुसायचे, गार होऊ द्यायचे, पुन्हा. तापमानात ७० अंशांचा फरक पडला तर सहा मिलिमीटरच्या भोकाचा व्यास जेमतेम ०.००५ मिलिमीटर वाढतो. एवढ्याशाने काय होणार? पण तापताना बाहेरचे बोट आधी फुगते आणि बोल्ट मागाहून, गार होताना त्याच्या उलट. हे पुन्हा पुन्हा झाले की मधल्या ठिसूळ थराला तडे जातात. धातू निवताना तेलाचा थेंब दिला की आतली आकसणारी हवा तो ओढूनही घेते.

मधल्या वेळात स्क्रूड्रायव्हर सुधारला. नेहमीच्या स्क्रूड्रायव्हरचे पाते टोकाकडे निमुळते होत जाते. ते खाचेच्या फक्त वरच्या कडांना टेकते, आणि फिरवले की उतारावरून घसरावे तसे वर सरकते. पहिल्या दिवशी तो उडाला याचे कारण हेच. पाते कानशीने घासून दोन्ही बाजू समांतर केल्या, खाचेत अगदी घट्ट बसेल इतक्या. मोडलेली कडही कानशीने सारखी केली.

चौथ्या दिवशी छोटी हातोडी घेतली. एकाने स्क्रूड्रायव्हर खाचेत दाबून धरायचा, दुसऱ्याने त्याच्या डोक्यावर हलके, भराभर ठोके द्यायचे. वीसेक ठोके झाले की फिरवून पाहायचे, आणि तेही आधी घट्ट करण्याच्या दिशेने. हे वेडेपणाचे वाटते. पण बोल्ट कुठल्याही बाजूला केसभर सरकला तरी गंजाचा थर तुटतो, आणि त्या बाजूला आट्यांवर गंजाचा चुरा कमी साचलेला असू शकतो. त्या दिवशी काही झाले नाही. फुगेवाले संध्याकाळी येऊन बसले होते. "राहू द्या गुरुजी, दुसरी घेऊ कर्ज काढून," म्हणाले. एका हंगामाच्या कमाईत त्यांची नवी बंदूक बसत नव्हती, हे आम्हाला त्या वाक्यातून कळले.

पाचव्या दिवशी, शनिवारी दुपारी, घट्ट करताना "कट्" असा आवाज झाला. बोल्ट तुटला, असेच दोघांना वाटले. खूण करून ठेवलेली रेघ पाहिली, ती एक मिलिमीटर सरकली होती. तिथून पुढची अर्धी दुपार अत्यंत कंटाळवाणी गेली. अष्टमांश फेरा सोडायचा, थेंब टाकायचा, तेवढाच परत आवळायचा, मग थोडा जास्त सोडायचा. सलग सोडत गेलो असतो तर चुरा आट्यांत गोळा होऊन बोल्ट मध्येच पुन्हा अडकला असता. तांबडे तेल बाहेर येत राहिले आणि चारच्या सुमारास बोल्ट हातात आला.

नवे वायसर पितळी पत्र्यातून कापले. खाच खराब झाल्यामुळे लेथवाल्याकडून नवा बोल्ट करून घेतला, आट्यांना ग्रीस लावून बसवला आणि तो बारीक कुलपी स्क्रू आठवणीने परत लावला.

आता नळी खाली का ठेवली होती ते. सिलिंडरमधून हवा नळीत जाते ते भोक बिजागरीला लागूनच असते. तिथून डिझेल आत गेले असते तर? हवा एकाएकी दाबली की तापते. सायकलचा पंप गरम होतो तो अनुभव सर्वांचा आहे. २७ अंशांची हवा उष्णता बाहेर जायला वेळ न देता पंधराव्या हिश्श्याइतकी दाबली तर हिशेबाने तिचे तापमान सहाशे अंशांच्या वर जाते. डिझेल आपोआप पेटायला अडीचशे अंशांच्या आत-बाहेर पुरते. रुडॉल्फ डिझेल यांनी १८९७ साली चालवून दाखवलेल्या इंजिनाचे तत्त्व हेच. बंदुकीत मात्र असा स्फोट झाला तर छर्रा अवाजवी वेगाने सुटतो आणि स्प्रिंग मोडू शकते. म्हणून दोन दिवस नळी खाली लटकवून ठेवली, भोक सुक्या फडक्याने टिपले आणि मागे मातीचा ढीग ठेवून, डोळ्यांना चष्मा लावून पहिले बार आम्हीच काढले. एवढे करूनही पहिल्या दोन बारांना नळीतून निळसर धुराची रेघ निघाली. चौथ्यापासून धूर थांबला.

फुगेवाल्यांनी फळीवर पाच फुगे लावून पाहिले. पाचही फुटले. ते खूश झाले, आणि मग थोडे गंभीर. "आता फुगे जास्त लागणार, गुरुजी." गोणपाट आम्ही ठेवून घेतले. त्यांना तेलाचा हात फिरवलेले सुती कापड दिले आणि पावसाळ्यात बंदूक माळ्याऐवजी चुलीजवळच्या कोरड्या भिंतीला टांगायला सांगितले.

जुना बोल्ट प्रयोगशाळेच्या कपाटात एका परीक्षानळीत आहे. भिंगाखाली पाहिले तर बाहेरच्या चार आट्यांवर तपकिरी थर जागोजाग तुटलेला दिसतो आणि आतले तीन आटे जवळजवळ चकचकीत आहेत. पाणी आणि हवा तिथवर पोचलीच नव्हती. अकरावीच्या मुलांना आम्ही तो दाखवतो आणि विचारतो, सात आट्यांपैकी फक्त चार गंजले असताना आम्हाला पाच दिवस का लागले? खाचेची मोडकी कड पाहून काही जण हळूच हसतात.